नोकरी सोडल्यावर ज्ञान कोणाचं? स्पर्धाबंदीचे करार आणि धंद्याची गुपितं



मागच्या व्याख्यानात आपण वचन या कल्पनेविषयी बोललो. दिलेला शब्द पाळावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं आणि ते बरोबरच आहे. आज तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं घ्यायचा आहे. सही करून दिलेला प्रत्येक शब्द कायद्यानं पाळून घ्यावा का? की काही शब्द असे असतात, की ते माणसानं राजीखुशीनं दिले तरी कायद्यानं त्यांना हात लावू नये?

हा प्रश्न आपल्या घरात येतो तो नेमणूकपत्राच्या रूपानं. मुलाला किंवा मुलीला नोकरी लागते, पेढे वाटले जातात, पगाराचा आकडा सगळे वाचतात आणि मागची बारीक अक्षरांतली पानं कोणी वाचत नाही. त्यात एक अट असते. नोकरी सोडल्यानंतर अमुक महिने किंवा अमुक वर्षं याच प्रकारचं काम दुसऱ्या कंपनीत करायचं नाही, स्वतःचा तसला धंदाही काढायचा नाही. याला नॉन-कम्पीट म्हणतात. आपण स्पर्धाबंदी म्हणू. तिच्याच शेजारी दुसरी अट असते. कंपनीची गुप्त माहिती बाहेर सांगायची नाही. ही गुप्ततेची अट. या दोन अटी जुळ्या बहिणींसारख्या शेजारी छापलेल्या असतात, म्हणून लोकांना त्या एकच वाटतात. कायदा मात्र दोघींना अगदी वेगळं वागवतो. तो फरक का, हे समजलं की आजचं काम झालं.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवत आलो, वकिली केलेली नाही. त्यामुळे इथे जे सांगणार आहोत तो विषय समजावून घेण्याचा प्रयत्न आहे. तुमच्या हातातल्या कागदाबद्दलचा सल्ला वकिलाकडूनच घ्या. पण वकिलाकडे जायच्या आधी आपला प्रश्न आपल्याला नीट कळलेला असावा, यासाठी हा खटाटोप.

सुरुवात १८७२ पासून करू. त्या वर्षी भारतीय करार कायदा आला आणि तो आजही लागू आहे. त्याचं कलम २७ फार थोडक्या शब्दांत सांगतं की कोणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार, जितक्या प्रमाणात तो रोखतो तितक्या प्रमाणात, निरर्थक आहे. कलमातच एक अपवाद आहे. धंद्याचा नावलौकिक, म्हणजे गुडविल, विकलं असेल, तर विकणाऱ्यानं ठरावीक हद्दीत तसाच धंदा करू नये, अशी वाजवी अट घालता येते. भागीदारीच्या कायद्यातही असेच काही अपवाद आहेत. नोकरदारासाठी मात्र वेगळा अपवाद लिहिलेला नाही.

हे कलम आलं कुठून? इंग्लंडमधून आलं असेल असं वाटतं, पण तसं नाही. इंग्लंडमध्ये न्यायाधीश असा विचार करत, की बंदी वाजवी आहे का? किती काळाची, किती हद्दीची? १७११ च्या एका गाजलेल्या निकालापासून तिथं हीच कसोटी चालत आली. आपलं कलम घडलं ते न्यूयॉर्कचे कायदेपंडित डेव्हिड डडली फील्ड यांच्या मसुद्यावरून. गंमत अशी, की कॅलिफोर्नियानं आपली दिवाणी संहिता केली ती त्याच मसुद्यावरून आणि त्याच १८७२ साली. आज सिलिकॉन व्हॅलीत माणसं सकाळी एक कंपनी सोडतात आणि दुपारी समोरच्या कंपनीत रुजू होतात. त्यामागचा नियम आणि आपल्याकडचा नियम एकाच बीजातून उगवलेले आहेत.

दोनच वर्षांत या कलमाची परीक्षा झाली. १८७४ चा कलकत्त्याचा खटला. एकाच भागात दोन कासार, म्हणजे पितळेच्या भांड्यांचे धंदेवाले. एकाच्या चढाओढीनं दुसऱ्याला फटका बसायला लागला. तेव्हा तो पहिल्याला म्हणाला, तू इथला धंदा बंद कर, तू कारागिरांना जी उचल दिली आहेस ती रक्कम मी तुला देतो. ऊसतोडीच्या पट्ट्यात उचल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पहिल्यानं दुकान बंद केलं, दुसऱ्यानं पैसे दिले नाहीत. ९०० रुपयांचा दावा लागला. मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच यांनी सांगितलं की बंदी एका छोट्या भागापुरतीच असली तरी ती बंदीच आहे. करार निरर्थक, म्हणून पैसेही मागता येणार नाहीत. धंदा बंद करून बसलेल्या माणसाच्या हाती काहीच लागलं नाही. आपल्याला त्याची दया येते. पण नियम किती कडक आहे ते यातून दिसतं.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न येतो. दोन शहाण्या माणसांनी स्वखुशीनं करार केला, तर कायद्यानं मध्ये का पडावं? जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ च्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात याच्या टोकाचं उदाहरण घेतलं आहे. एखादा माणूस स्वतःला गुलाम म्हणून विकायला तयार झाला तर? मिल यांचं म्हणणं असं, की आपण माणसाच्या इच्छेला मान देतो तो त्याच्या स्वातंत्र्यासाठी. त्या स्वातंत्र्याच्या नावानं स्वातंत्र्यच कायमचं सोडून देता येणार नाही. स्पर्धाबंदी म्हणजे गुलामी नव्हे, इतकं ताणायचं कारण नाही. पण दिशा तीच आहे. ज्याच्याजवळ विकायला आपलं कसब सोडून काही नाही, त्याला ते कसबच दोन वर्षं कुलपात ठेवायला सांगायचं, म्हणजे त्याला पोटापासूनच तोडायचं.

आणि हा विचार आपल्या मातीला परका नाही. जन्मानं ठरलेला धंदा माणसाच्या गळ्यात कायमचा बांधायचा, हे आपल्या समाजानं शतकानुशतकं केलं. राजर्षी शाहू महाराजांनी याच करवीर संस्थानात वेठबिगारी बंद केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिव्यवस्थेवर घेतलेल्या मुख्य आक्षेपांपैकी एक असा, की ती माणसाला आपला धंदा निवडू देत नाही आणि बदलूही देत नाही. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये कोणताही पेशा, धंदा करण्याचं स्वातंत्र्य मूलभूत हक्कांत आहे. तो हक्क मुख्यतः सरकारपुढे उभा राहण्यासाठी आहे, खाजगी मालकापुढे नव्हे. पण धंदा बदलण्याची मोकळीक आपण एवढी मोलाची का मानतो, ते त्यातून कळतं.

आता मालकाची बाजू. ती ऐकल्याशिवाय पुढं जाणं अन्यायाचं होईल.

कोल्हापुरात तालमीत गेलेल्या कोणालाही ठाऊक असतं, की वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. का ठेवतो? उद्या चेलाच अंगावर आला तर? या भीतीची किंमत कोण देतं, तर पुढची पिढी देते. राखून ठेवलेला डाव वस्तादाबरोबर जातो. कारखान्यातही हेच होतं. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीची कल्पना करा. मालकानं दहा वर्षं धडपडून एका ओतकामाचं मिश्रण जमवलं आहे. कोणत्या तापमानाला काय घालायचं, म्हणजे वाया जाणारा माल कमी होतो, हे त्याला ठाऊक आहे. हे तो सुपरवायझरला शिकवेल का? सुपरवायझर उद्या वही उचलून शेजारच्या शेडमध्ये जाणार असेल आणि कायदा हात बांधून बघत बसणार असेल, तर मालक शिकवणार नाही. तो वही घरी नेईल. म्हणजे गुपिताला संरक्षण नसेल तर ज्ञान मोकळं होत नाही, उलट आणखी आक्रसतं.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. आपल्याकडचा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा खटला महाराष्ट्रातला आहे, कल्याणचा. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग कंपनी, सर्वोच्च न्यायालय, जानेवारी १९६७. टायरच्या रबरात मजबूत दोऱ्यांचे थर असतात. त्याचं सूत, टायर कॉर्ड यार्न, कल्याणच्या कारखान्यात बनवायचं होतं. त्याचं तंत्र हॉलंडच्या आणि पश्चिम जर्मनीच्या कंपन्यांकडून १ लाख ४० हजार डॉइश मार्क देऊन घेतलं. त्यांची अट होती की हे तंत्र गुप्त ठेवायचं आणि तुमच्या कामगारांकडूनही तसं लिहून घ्यायचं. म्हणजे गुप्ततेचं वचन मिळालं म्हणूनच ते ज्ञान हॉलंडहून कल्याणला आलं.

मार्च १९६३ मध्ये शिफ्ट सुपरवायझरची नेमणूक झाली, पाच वर्षांच्या कराराने. डिसेंबरपर्यंत प्रशिक्षण झालं. ऑक्टोबर १९६४ अखेर त्यांनी नोकरी सोडली आणि राजस्थानात कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत ५६० रुपये महिना, म्हणजे जास्त पगारावर गेले. ती कंपनीही टायर कॉर्डच बनवत होती. करारात लिहिलं होतं की पाच वर्षांच्या आत सोडलं तर उरलेल्या मुदतीत असं काम दुसरीकडे करायचं नाही. कंपनी कोर्टात गेली. खालच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत निकाल कंपनीच्या बाजूनं लागला आणि मनाई मिळाली ती १५ मार्च १९६८ पर्यंत, म्हणजे मूळ पाच वर्षं संपेपर्यंतच.

या निकालातलं नेमकं तत्त्व ध्यानात ठेवा, कारण त्याचा हवाला देताना लोक अर्धाच देतात. न्यायमूर्ती शेलत यांनी फरक केला तो कराराच्या मुदतीतली बंदी आणि मुदत संपल्यानंतरची बंदी यांत. मुदत चालू असताना 'माझ्याकडेच काम कर' म्हणणं ही सर्वसाधारणपणे धंद्यावरची बंदी होत नाही. दुसरं म्हणजे, ही मनाई काळाच्या आणि कामाच्या बाबतीत मर्यादित होती. माणसाला उपाशी बसावं लागेल, अशी ती नव्हती. टायर कॉर्ड सोडून बाकीची कामं त्याला मोकळी होती.

मुदतीनंतरच्या बंदीचं काय? १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सुपरिंटेंडन्स कंपनीचा खटला आला. मालाची तपासणी करणारी ही कंपनी. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं तसंच काम करायचं नाही, अशी अट होती. कंपनीनं ज्याला स्वतःच काढलं होतं, त्यानं दिल्लीत आपला धंदा काढला आणि कंपनी त्याला रोखायला निघाली. कंपनी हरली. एक कारण असं, की 'सोडल्यावर' या शब्दात 'काढल्यावर' बसत नाही. पण न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी त्यापुढे जाऊन सांगितलं की नोकरीनंतरची अशी बंदी कलम २७ खाली निरर्थकच आहे, ती वाजवी आहे का हा प्रश्नच उरत नाही.

२००६ मध्ये हेच तत्त्व क्रिकेटपटूलाही लागू झालं. श्रीरामपूरच्या झहीर खानचा तीन वर्षांचा जाहिरात-व्यवस्थापनाचा करार २००३ मध्ये संपला. पण करारात अट अशी, की संपल्यावरही दुसऱ्या कोणाकडे जायच्या आधी आम्हाला ती संधी दिली पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयात एका न्यायाधीशानं मनाई दिली, दोन न्यायाधीशांच्या पीठानं ती उठवली, सर्वोच्च न्यायालयानं ती उठवलेलीच ठेवली. करार संपला की माणूस मोकळा.

पण याचा अर्थ कुठलीच अट चालत नाही असा घेऊ नका. मे २०२५ चा विजया बँकेचा निकाल बघा. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर २ लाख रुपये भरायचे, असा बाँड होता. अधिकाऱ्यानं मुदतीआधी सोडली, पैसे भरले आणि ते परत मागायला तो कोर्टात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयात जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. न्यायालयाचं म्हणणं असं, की ही बंदी नोकरीच्या काळातली आहे, पुढच्या नोकरीवरची नाही. आणि सरकारी बँकेला मध्येच जागा रिकामी झाली तर पुन्हा जाहिरात देऊन सगळी भरती करावी लागते, तो खर्च खरा आहे. एरवीही करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. कोर्ट वाजवी भरपाईच देतं.

मग गुप्ततेची अट? ती नोकरी संपल्यावरही टिकते, कारण ती काम करण्यापासून अडवत नाही, फक्त दुसऱ्याची वस्तू नेण्यापासून अडवते. पण 'वस्तू' कोणती? इथं गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' मध्ये केलेला भेद उपयोगी पडतो. एक असतं 'अमुक आहे' हे माहीत असणं, दुसरं असतं 'अमुक करता येणं'. धोबीपछाड कशी मारायची हे पुस्तकात वाचता येतं. ती मारता येणं अंगात असतं. मिश्रणाचे आकडे, रेखाचित्रं, ग्राहकाला दिलेले भाव, सोर्स कोड ही माहिती झाली. ती कागदावर, संगणकात राहते आणि मालकाची असू शकते. आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखणं, गिऱ्हाईकाशी बोलण्याची हातोटी हे कसब झालं. ते माणसापासून सोडवून ठेवता येत नाही. पैलवानाला तालीम बदलताना हात काढून ठेवून जा, असं कोणी म्हणत नाही.

मधली हद्द धूसर आहे, हे कबूल करायला हवं. डोक्यात राहिलेल्या ग्राहकांच्या नावांचं काय? इंग्लंडमध्ये १९८६ चा एक मजेदार खटला आहे. फसेंडा नावाची कंपनी गारठवणाऱ्या गाड्यांतून ताजी कोंबडी विकायची. विक्री व्यवस्थापकानं नोकरी सोडून तसलाच धंदा काढला, काही माणसंही त्याच्याकडे आली. गिऱ्हाइकं कोण, गाडी कोणत्या रस्त्यानं, कोणत्या दिवशी जाते, भाव काय, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. न्यायालयानं सांगितलं की ही कामाच्या ओघात प्रत्येकाच्या डोक्यात बसणारी माहिती आहे. नोकरी संपल्यावरही जपावं लागेल असं हे गुपित नव्हे. पण यादीच चोरून नेली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती.

आपल्याकडे धंद्याच्या गुपितांसाठी स्वतंत्र कायदा अजून नाही. करार, विश्वासभंगाचं तत्त्व, कॉपीराइट आणि संगणकातली माहिती चोरली तर माहिती तंत्रज्ञान कायदा, यांच्या आधारानं न्यायालयं काम भागवतात. मार्च २०२४ मध्ये विधी आयोगानं आपल्या २८९ व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस केली आणि मसुदाही दिला. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराच्या कलम ३९ मध्ये गुपिताच्या तीन खुणा दिलेल्या आहेत. माहिती त्या क्षेत्रातल्या लोकांना सहज ठाऊक नसावी. गुप्त असल्यामुळेच तिला किंमत असावी. आणि ती गुप्त ठेवण्यासाठी मालकानं वाजवी खबरदारी घेतलेली असावी. तिसरी खूण आपले उद्योजक विसरतात. भिंतीवर खडूनं लिहिलेलं मिश्रण आणि कोणालाही उघडता येणारा संगणक, यांना गुपित म्हणता येत नाही.

आता तुम्ही विचाराल, नोकरीनंतरची बंदी निरर्थक आहे तर कंपन्या ती छापतात कशाला? याचं उत्तर कायद्यात नाही, माणसाच्या मनात आहे. बहुतेक लोक कोर्टात जातच नाहीत. सही केली आहे, नोटीस येईल, अनुभवाचं पत्र अडकेल, या भीतीनं माणूस चांगली संधी सोडतो. म्हणजे कोर्टात न टिकणारी अट घरात टिकते. २०२२ मध्ये पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं इन्फोसिसच्या नेमणूकपत्रातल्या स्पर्धाबंदीविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती. अशा अटी उद्योगात रूढ आहेत आणि आमची वाजवी आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. कोण बरोबर ते इथं ठरवायचं नाही. पण ही चर्चा उघड्यावर आली, तेव्हा कितीतरी मुलांनी आपलं नेमणूकपत्र पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं असेल.

तेव्हा कागद हातात घेतलात की चार प्रश्न विचारा. ही बंदी नोकरी चालू असतानाची आहे, ठरलेल्या मुदतीतली आहे, की नंतरची? ती काम करण्यावर आहे, की माहिती सांगण्यावर? ज्याला गुपित म्हटलं आहे ते खरोखर गुपित आहे का आणि मालकानं ते तसं जपलं आहे का? पैशाचा बाँड असेल, तर त्यामागं खरा खर्च, खरं प्रशिक्षण आहे का? क्लासच्या शिक्षकापासून फौंड्रीच्या सुपरवायझरपर्यंत आणि आयटीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना हेच चार प्रश्न पुरतात.

आणि सोडताना स्वच्छ हातानं सोडा. पेनड्राइव्हवर फायली घेऊ नका, कंपनीचे मेल स्वतःच्या पत्त्यावर पाठवू नका, वह्या-रजिस्टरं परत करून पोच घ्या. कसब तुमचं आहे, ते कोणी काढून घेत नाही. पण एक चोरलेली फाइल सगळ्या कसबावर संशय आणते. मालकांनाही तेवढंच सांगणं, की माणसाला बांधू नका, गुपित बांधा. कोणती माहिती गुप्त आहे ते नेमकं लिहा, ती मोजक्यांनाच दिसेल अशी ठेवा. सगळंच गुपित म्हणाल, तर कोर्ट काहीच गुपित मानणार नाही.

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या असल्या वादांची अपिलं आता इथंच ऐकली जातील. जो माणूस नोटिशीला भिऊन गप्प बसत होता, त्याच्यासाठी मुंबईची वाट तरी कमी झाली.

शिकवणाऱ्याच्या मनातली भीती आणि शिकणाऱ्याच्या मनातली भीती, या दोन्ही कमी करणं हे या कायद्याचं काम आहे. गुपित सुरक्षित असेल तर वस्ताद शेवटचा डावही शिकवेल; हात मोकळे असतील तर चेला तो मन लावून शिकेल. यातली एकच भीती सांभाळली, तर तालीम ओस पडते.

पुढच्या व्याख्यानात याच धाग्यावरून पेटंटकडे जाऊ. गुपित उघड करण्याच्या बदल्यात मिळणारा हक्क, असा तो उलटा सौदा आहे. तुमचे प्रश्न जरूर पाठवा.